घासलेल्या गोळ्या

सोम. २० जाने. ९७

पुन्हा लाडू. घाणा क्र. १४. सकाळी ड्रम उघडला तर आत भुकटी नाहीच. अर्धी दळणाऱ्या लोखंडी गोळ्यांना चिकटलेली, अर्धी ड्रमच्या पोटाला, आणि मधोमध बोराएवढ्या गुठळ्या. नऊ भाग तांबं, एक भाग कथील, शनिवारी आठ तास दळलं आणि निघाली बोरं. चाळणीतून किलोभरही खाली पडलं नाही. सगळा माल परत वितळवायला.

गफूरमामूंनी शनिवारीच सांगितलं होतं. ड्रम तेच चालवतात, साठीला आलेत, पण कान तिखट. तिसऱ्या तासाला म्हणाले, "मॅडम, आवाज बैठला. पयले खणखण होता, आता धपधप करून राह्यला." मी म्हटलं, चालू द्या. कागदावर आठ तास लिहिलेत तर आठ तास. हा माझा स्वभाव, याला औषध नाही.

कौसाबाई गुठळ्या फोडायला बत्ता घेऊन आली. नको म्हटलं. फोडून भुकटी होत नाही, फुटक्या गुठळ्या होतात. मग तिला नेहमीप्रमाणे गोळ्या घासायला बसवली. दीडशे किलो गोळ्या, घमेल्या-घमेल्यानं. राख, चिंचेचा कोळ, काथ्या. संध्याकाळपर्यंत अशा चकचकीत केल्या की देवघरात ठेवाव्यात. हे काम मात्र तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही.

५.४० ची बस चुकली. बदनापूरला घरी पोचेपर्यंत अंधार.

बुध. २२ जाने.

औरंगाबादहून पत्र. आमच्या भुकटीपासून पंख्याच्या बुशा करणारे, म्हणजे दांडा फिरतो ती कडी. तिसरी लॉट परत. कारण तेच, गुठळ्या. पंधरा दिवसांत कारण आणि उपाय लेखी कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

शेठनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि वर हात ठेवून उभे राहिले. "मॅडम, बीएस्सी तुम्ही. कारण तुम्ही काढायचं. न्हाई निघालं तर पावडरची शेड बंद. ड्रम भट्टीवाल्याला देऊन टाकतो, समोरच हाय."

समोर खरंच भंगार लोखंड वितळवायची भट्टी आहे. आमचा ड्रम त्यांना एका दुपारचा घास.

शेडमध्ये आम्ही तिघंच. मी, मामू, कौसाबाई.

शुक्र. २४ जाने.

दिवसभर कारण शोधलं. जे माहीत आहे ते आधी लिहून काढते, म्हणजे डोकं साफ होईल.

तांबं आणि कथील दोन्ही मऊ. नुसतं ठेचत राहिलं की कण कणाला चिकटतो, कणकेसारखं. म्हणून स्टिअरिक घालायचं. पांढरे पापुद्रे, मेणबत्तीवाले वापरतात तेच. मामू त्याला मेण म्हणतात, आता मीही. मेणाचा पातळ लेप प्रत्येक कणाला बसला की चिकटायला जागा राहत नाही. अर्धा टक्का घालते. जास्त घालायची सोय नाही, कारण बुशा भट्टीत भाजताना मेण जळतं, धूर होतो, आणि बुशीला भोकं पडतात. औरंगाबादवाल्यांनी अर्धा टक्का म्हणजे अर्धाच असं लिहून दिलंय.

मेण बरोबर. मिश्रण बरोबर. दर तासाला ड्रम थांबवून गार करतो, तेही बरोबर. उरलं काय? पाणी. धुतलेल्या गोळ्यांत ओल राहत असेल तर?

कौसाबाईला विचारलं. "न्हाई ओ मॅडम. उन्हात पसरते, फडक्यानं एकेक टिपून घेते. हात लावून बघा ना."

हात लावून बघितलं. कोरड्या वाटल्या. पण वाटलं म्हणजे काही मोजमाप नव्हे.

रवि. २६ जाने.

सकाळी शेठनी झेंडा लावला, बुंदी वाटली, दहाला घरी.

आई चुलीपुढे पितळी डबा घासत बसलेली. आमच्या घरी भांड्यात तोंड दिसलं पाहिजे, हा तिचा कायदा. अण्णा मास्तर होते. शाळेतले बाकीचे गुरुजी कधी घरी आले, तर त्यांना बोट ठेवायला जागा सापडू नये, म्हणून ती चाळीस वर्षं घासते आहे. जे यायचे ते चहाला नको म्हणून ओट्यावरूनच जायचे, ही गोष्ट वेगळी. आईनं घासणं सोडलं नाही. चिंच आणि राख मी तिच्याकडूनच फॅक्टरीत नेली.

दिवाळीआधी एक लॉट काळपट निघाली होती. औरंगाबादवाल्यांनी विचारलं, गोळ्या स्वच्छ ठेवता ना? इतकं मनाला लागलं की दुसऱ्या दिवसापासून हुकूम काढला. प्रत्येक घाण्याला गोळ्या घासून, धुवून, वाळवून. त्यासाठी शेठना सांगून कौसाबाईला कामावर घेतली. ती आधी भुसार मोंढ्यात धान्य निवडायला जायची. मूळची घनसावंगीकडची, घर शेतीवाल्यांचं, आता चंदनझिऱ्यात राहते.

मंगळ. २८ जाने.

कौसाबाई राजूरला गेली. लेकीचं पहिलं बाळंतपण, नवस बोललेला, आठ दिवसांची रजा. जाताना गोळ्यांकडे बघत म्हणाली, "मॅडम, कुनाला बी घासायला लावू नका. राख जास्त घेत्यात अन् चरे पाडत्यात."

लावायला आहे कोण? मामूंना सांगायची माझी हिंमत नाही. त्यांचा रोजा चालू आहे. काल १४ चाच माल परत दळून बघितला, पुन्हा लाडू, आणि गोळ्या परत मळल्या. घाणा १५ तशाच, न घासलेल्या गोळ्यांवर टाकायचं ठरवलं. नुसत्या झटकून घेतल्या. बघवत नव्हत्या. लाल-काळसर, मळकट.

गुरु. ३० जाने.

घाणा १५ उत्तम!!

भुकटी. खरीखुरी भुकटी, रव्यासारखी सैल. चाळणीतून जवळजवळ सगळी खाली. मामूंनी चिमूटभर तळहातावर घेऊन फुंकली आणि म्हणाले, "काल गाना गाऊन राह्यला व्हता ड्रम. मी कालच समजलो."

मी दोनदा चाळली. तिसऱ्यांदा उगाच, मजा म्हणून.

शनि. १ फेब्रु.

घाणा १६ पण उत्तम. त्याच मळक्या गोळ्या.

शेठ आत आले, भुकटीत बोट फिरवलं. "काय बदललं?" म्हटलं, काही नाही. मेण तेच, तास तेच. ते हसले. "बाई बदलली ना. बाई न्हाई तर माल बराबर."

मलाही तेच दिसत होतं. ती असते तेव्हा गोळ्यांना पाणी लागतं. ती नाही तेव्हा पाणी नाही. पाणी नाही तर लाडू नाही. दोन आणि दोन चार.

सोम. ३ फेब्रु.

औरंगाबादला लेखी दिलं. नक्कल इथे उतरवून ठेवते.

"कारण : गोळ्या धुणाऱ्या कामगाराच्या निष्काळजीपणामुळे गोळ्यांत ओल राहून माल एकमेकांस चिकटला. उपाय : सदर कामगारास कामावरून कमी करण्यात आले आहे."

पहिलं वाक्य माझं. दुसरं शेठचं. मी म्हटलं, अजून कमी कुठे केलंय? म्हणाले, "पोचेपर्यंत हून जाईल."

खाली माझी सही, बाजूला शिक्का.

बुध. ५ फेब्रु.

कौसाबाई आली. नातू झाला. कागदात बांधून पेढे आणले होते, राजूरच्या गणपतीचे. मला दोन दिले, मामूंच्या रुमालात दोन बांधून ठेवले, रोजा सुटल्यावर खायला.

शेठनी तिला जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी गाठलं. शेजारच्या आणि बियाण्याच्या शेडमधल्या बाया भाकरी खात बसल्या होत्या, भट्टीवरची माणसं चहाच्या टपरीवर. शेठचा आवाज मुळातच मोठा. "तुझ्या हलगर्जीपणानं तीन लॉट वापस आल्या. ओल्या गोळ्या टाकते. उद्यापासून येऊ नको."

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मी दारातच उभी होते, हातात चाळणी. "मॅडम, ओल्या व्हत्या का?"

मी म्हटलं, "आता झालं ते झालं." असलं उत्तर.

ती डबा घेऊन गेली.

गुरु. ६ फेब्रु.

घाणा १७ ठीक. लिहिण्यासारखं काही नाही.

बुध. १२ फेब्रु.

मामू ईदची सुट्टी संपवून आले. शीरखुर्म्याचा डबा माझ्यासाठी. कौसाबाईसाठीही एक आणला होता. मी सांगितलं, तिला काढलं. डबा पिशवीत परत ठेवला, एवढंच. दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

शेठ म्हणाले, औरंगाबादचे साहेब या महिन्यात शेड बघायला येणार. गोळ्यांकडे माझं लक्ष गेलं. शी! असल्या गोळ्या पाहुण्याला दाखवायच्या? ठरवलं, मीच घासते. मी दाखवते, घासून कोरडं कसं ठेवतात ते.

शुक्र. १४ फेब्रु.

काल दिवसभर पदर खोचून घासल्या. बोटांची सालटी निघाली. ही बाई रोज कशी करत होती? राख, चिंच, तीन पाणी. मग उन्हात. मग ओलीची शंकाच नको म्हणून पत्र्यावर टाकून खालून शेगडी. गोळ्या इतक्या तापल्या की मामूंनी चिमट्यानं उचलल्या. थंड केल्या. थेंब तर सोडाच, दमटपणासुद्धा नाही. आज सकाळी घाणा १९ लावला.

साडेदहाला मामू ड्रमशेजारी उभे राहिले. मला हातानं बोलावलं.

धपधप.

तरी मी दोन तास चालू ठेवला. मग उघडला. लाडू. १४ नंबरच्या घाण्यापेक्षा मोठे.

मामू म्हणाले, "या येळंला तर बाई नव्हती, मॅडम."

शनि. १५ फेब्रु.

लोणच्याच्या बरणीएवढे तीन स्टीलचे डबे घेतले. तिन्हीत सारखाच माल, सारखंच मेण, सारखाच वेळ. फक्त गोळ्या वेगळ्या.

पहिला : घासलेल्या, शेगडीवर वाळवलेल्या.
दुसरा : न घासलेल्या, मळक्या. घमेलंभर घासायच्या राहिल्या होत्या त्यातल्या.
तिसरा : मळक्याच, पण मुद्दाम पाण्याचा हबका मारलेल्या.

पहिल्यात लाडू. दुसऱ्यात भुकटी. तिसऱ्यात भुकटी, जराशी काळवंडलेली, पण चाळणीतून पास.

म्हणजे ओलीचा संबंधच नाही. मी ओल मोजलीसुद्धा नव्हती. गोळ्या तापवून वजन करायला किती वेळ लागला असता? अर्धा तास. अर्धा तास मी दिला नाही आणि कागदावर सही केली.

खरं कारण बस स्टँडवर उभी असताना सुचलं. मेण मी मालाच्या वजनावर मोजते, पंधरा किलोवर अर्धा टक्का. पण ड्रममध्ये दीडशे किलो गोळ्याही असतात, त्यांनाही अंग आहे. घासून उघड्या पाडल्या की पहिलं मेण त्याच अंगाला लावून घेतात. मालाच्या वाट्याला उरतं काय? मळक्या गोळ्यांना आधीच्या घाण्यांचं मेण बसलेलं असतं, त्या नवीन मागत नाहीत. जो थर मला मळ वाटत होता, तोच माल सुटा ठेवत होता. आणि चिंचेनं लखलखीत झालेल्या धातूला मऊ तांबं तर आणखी घट्ट बसतं.

कौसाबाईनं जितकं चांगलं घासलं तितका घाणा बिघडला. हुकूम माझा.

रवि. १६ फेब्रु.

आईला सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल चूक होते माणसाकडून. ती डबा घासायची थांबली. म्हणाली, "बाईच्या पोटावर पाय दिलास." मी म्हटलं, मुद्दाम नाही दिला. "आपल्यावर लोकांनी असे शिक्के लई मारले, सुमे. न बघता, न मोजता. तुला शिकवलं ते तू दुसरीवर मारावा म्हून का?"

जेवले नाही.

मुद्दाम नाही, हे खरं आहे का? इथे तरी खरं लिहावं. कौसाबाई आली तेव्हा पहिला महिनाभर घरून बाटलीत पाणी आणायची. माठ मी भरायची. ती त्यातलं घ्यायची नाही. दोघींनाही का ते माहीत होतं, दोघीही बोललो नाही. डिसेंबरात एक दिवस बाटली संपली तेव्हा तिनं माठात तांब्या बुडवला, घटाघटा प्यायली, आणि त्यानंतर बाटली आणलीच नाही. तिनं तिचं मन असं सरळ केलं. मी मात्र ती बाटली मनात ठेवली. शेठ म्हणाले "बाई बदलली", तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. हो, वाटलं होतं. म्हणून मोजलं नाही.

सोम. १७ फेब्रु.

शेठना सगळं सांगितलं. तीन डबे टेबलावर मांडून. त्यांनी नीट ऐकलं, माणूस मूर्ख नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजे आता गोळ्या घासायच्याच न्हाईत?"

"नाही."

"मंग बाईला वापस बोलावून करायचं काय? आरती?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिची चूक नव्हती हे सिद्ध झालं, आणि त्याच झटक्यात तिचं कामही संपलं. मी म्हटलं, चाळणीवर घेऊ, मेण तोलून बारीक करायला घेऊ. म्हणाले, ते मामू करतात. म्हटलं, निदान औरंगाबादला खरं कारण कळवू.

"पागल झाल्या का? आज एक कारण, उद्या दुसरं. ते म्हनतील ह्यांच्या केमिस्टला काई येत न्हाई."

तेच तर कळवायचं आहे, असं तोंडावर आलं होतं. डबे उचलून शेडमध्ये परतले.

मंगळ. १८ फेब्रु.

औरंगाबादचा फोन. घाणा १५, १६, १७ ची लॉट पास. शेठनी सगळ्यांना बर्फी. साहेब पुढच्या बुधवारी येणार. शेड चालू राहणार, ड्रम भट्टीत जाणार नाही. महिन्याभरापूर्वी हे ऐकून मी नाचले असते.

गुरु. २० फेब्रु.

दुपारची रजा टाकून चंदनझिऱ्याला गेले. घर सापडायला वेळ लागला नाही, "गोळ्यावाली कौसाबाई" म्हटल्यावर पोरांनी नेऊन सोडलं. एक खोली, पत्र्याची. मांडणीवरची भांडी बघून मान खाली गेली. आमच्या घरच्यापेक्षा लखलखीत.

चहा केला. मी आधी सांगू लागले तर म्हणाली, "आधी घ्या तर." घेतला. मग सांगितलं. मेण, गोळ्यांचं अंग, तीन डबे.

तिला पहिल्या झटक्यात कळलं. "म्हंजे मी चोख घासलं म्हून बिघडलं?"

"हो."

"अर्धंमुर्धं घासलं असतं तर?"

"तर चाललं असतं."

तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून हसत राहिली. "माझ्या सासूनं हे ऐकायला पायजे व्हतं. जल्मभर म्हनत गेली, कौसे, तुला घासता येत न्हाई." मग हसणं थांबलं आणि तिनं पदरानं तोंड पुसलं.

मी म्हटलं, शेठला विचारते आहे, काही ना काही काम काढू. ती म्हणाली, "बियान्याच्या शेडवर गेल्ते मी, निवडायला. मुकादमीण म्हनली, तुला तिकडून काहून काढलं? मी म्हनलं, काम सरलं. ती म्हनली, खोटं नको बोलू, फाटकावर आमच्या बाया व्हत्या, हलगर्जी बाई मला नको."

"मी त्यांना भेटते."

"एकीला भेटून काय व्हतंय? शेठनं मला चारचौघांत काढलं. तुम्ही बी तिथंच व्हत्या, चाळणी घेऊन. मी इचारलं, ओल्या व्हत्या का. तुम्ही सांगितलं न्हाई." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आता बी चारचौघांतच सांगा. अन् कागदावर लिवा, तुमच्या सहीचं. पहिलं बी कागदावरच लिवलं व्हतं ना?"

"आणि काम?"

"कामाचं मागून बघू. मला हात हायेत. नाव सांडलं ते कुठं येचू?"

मी बुधवारी अकराला फाटकाशी ये म्हटलं. तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर लक्षात आलं, त्याच दिवशी साहेब येणार.

शनि. २२ फेब्रु.

कागद तयार.

"दि. ३ फेब्रुवारीच्या पत्रातील कारण चुकीचे आहे. गोळ्यांत ओल नव्हती. माल चिकटला तो गोळ्या प्रत्येक वेळी घासून स्वच्छ केल्यामुळे, व तसा हुकूम माझा होता. कौसाबाईंनी सांगितलेले काम चोख केले. त्यांच्या कामात दोष नव्हता."

बाकी पानभर मेणाचं गणित आणि तीन डब्यांचा निकाल. घाण्यांच्या रजिस्टरमध्ये १४ नंबरपुढे मी "ओल" लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं वाचता येईल अशी एकच रेघ मारली, पुढे कारण लिहिलं, तारीख टाकली.

शेठकडे शिक्क्यासाठी गेले. वाचलं, घडी करून माझ्या हातात परत दिलं. "शिक्का मिळनार न्हाई. अन् साहेबांमोरं वाचलं, तर तुम्ही बी बाईच्याच मागं फाटकाबाहेर. मी नाराज न्हाई मॅडम, फक्त सांगून ठेवून राह्यलो."

मंगळ. २५ फेब्रु.

मामूंना कागद वाचून दाखवला. म्हटलं, शिक्का नाही, आता याला काय अर्थ? ते ड्रमच्या पट्ट्याला हात लावून बघत होते, तिकडेच बघत म्हणाले, "शिक्का शेठचा. दस्तखत तर तुमचीच हाय ना? पयल्या कागदावर बी तुमचीच व्हती."

आईला सांगितलं, नोकरी जाईल बहुतेक. "जाऊ दे" असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "गेली तर कठीण हाय." आणि मग, "साडी कोणती नेसणार?"

भीती वाटते आहे. खूप. दुसरीकडे अशी जागा या जिल्ह्यात तरी मला माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर हे काम मला आवडतं. भुकटी सैल पडते तेव्हा होणारा आनंद कुणाला समजावून सांगता येत नाही.

बुध. २६ फेब्रु., सकाळी, टेबलावरूनच

१०.५०. साहेबांची जीप आली. शेठ आणि ते ड्रमपाशी उभे आहेत. ड्रम खणखणीत चालू आहे, घाणा २३. साहेब पुन्हा मळलेल्या गोळ्यांचं घमेलं बघून काहीतरी विचारत आहेत, शेठ माझ्याकडे बोट दाखवत आहेत. येते म्हणून हात केला.

खिडकीतून फाटक दिसतं. कौसाबाई आली आहे. मी तिला एकटीलाच बोलावलं होतं. तिच्याबरोबर चौघी आहेत, आणि पुढे एक जाड चष्म्याची बाई, बहुधा बियाण्याच्या शेडची मुकादमीण. शेजारच्या शेडमधल्याही दोघी उठून आल्या. कौसाबाई मागे उभी आहे, हात पदराखाली. इकडे बघत नाही.

कागद दोनदा वाचून पाहिला. ड्रम चालू असला की फाटकावर काय, टेबलाच्या पलीकडचंही ऐकू येत नाही.

मामूंना खूण केली, बंद करा. त्यांनी बटण दाबलं आहे. पूर्ण थांबायला मिनिटभर लागतं.